कॅज्युअल्स अलाउड

त्याने माझ्यासमोरचं ताट उचललं आणि माझ्या डोक्यावर पालथं केलं.

डाळ गरम होती. कानामागून मानेवर आली, तिथून शर्टाच्या आत गेली. पनीरचा एक तुकडा खांद्यावर तसाच राहिला. मी हललो नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

"आता दिसतोस कॅज्युअल," साहेब म्हणाला. अख्खं कॅन्टीन हसलं.

हा साहेब म्हणजे आमचा प्रॉडक्शन मॅनेजर. कंपनी लोटे एमआयडीसीतली, केमिकलची. नाव सांगत नाही, केस चालू आहे. त्या दिवशी त्याने लाल टी-शर्ट आणि गुडघ्यावर फाटलेली जीन घातली होती. आमच्या फाटक्या पँटी गरिबीच्या, त्याची फाटकी पँट विकत घेतलेली. त्याला मी इथे अहोजाहो करणार नाही. नऊ वर्षं केलं, ते खूप झालं.

मी तिथे गेलो कसा, ते सांगतो. चूक माझी होती. पण तशी चूक आमच्यासारख्यालाच होऊ शकते.

मी कॅज्युअल होतो. कॅज्युअल म्हणजे कंपनीत रोज येणारा, पण कंपनीचा नसलेला माणूस. परमनंट माणसाला निळं कार्ड, आम्हाला पिवळं. काही महिने झाले की आमचा ब्रेक. ब्रेक म्हणजे आठवडाभर घरी बसायचं आणि परत नव्याने लागायचं, म्हणजे आम्ही सलग काम केलं असं कागदावर दिसत नाही. असा मी नऊ वर्षं नवा होतो. माझ्या आईला कॅज्युअल ही मोठी पोस्ट वाटायची. मला मुलगी बघायला गेलो तेव्हा तिने छाती फुगवून सांगितलं, "पोरगा कंपनीत कॅज्युअल हाय." मुलीचा बाप मुंबईला मिलच्या गेटवर बदलीच्या कामासाठी रोज उभा राहून आलेला माणूस. तो चहा पिऊन उठला. आईला आजवर कळलेलं नाही की ते स्थळ का मोडलं.

आम्ही कॅज्युअल लोक जेवायचो ड्रमांच्या शेडमध्ये, जमिनीवर. भाताला केमिकलचा वास यायचा. माझ्या आज्याला गावात पाणी वरून ओंजळीत वाढायचे. मी बौद्धवाडीतला. ते सगळं आज्याबरोबर गेलं असं मला वाटायचं. शेडमध्ये माझ्या शेजारी विश्रामदादा बसायचा. तो कुणबी, पन्नाशीचा, माझ्या गावापासून दोन स्टॉप पुढचा. त्याच्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी माझ्या भातावर, माझं बोंबलाचं कालवण त्याच्या. गावात जे जमलं नसतं ते शेडमध्ये सहज जमलं, कारण वरच्यांच्या लेखी आम्ही दोघंही सारखेच खालचे होतो.

एका गुरुवारी वरच्या कॅन्टीनच्या काचेच्या दारावर कागद चिकटवला. मी ड्रम मोजून येताना वाचला. इंग्रजीत होता, पण अक्षरं जुळवून मला वाचता येतं. 'ऑन फ्रायडेज कॅज्युअल्स अलाउड.' अलाउड म्हणजे परवानगी, हे मला माहीत होतं. 'नॉट अलाउड'च्या पाट्या कंपनीभर लावलेल्या असतात, त्यातला नॉट काढला की झालं. आणि कॅज्युअल्स तर आम्हीच. मी तो कागद दोनदा वाचला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

शेडमध्ये येऊन सगळ्यांना सांगितलं. कोणाला पटेना. विश्रामदादा म्हणाला, "तू फुडं जा, बग. बसवलानी तर हाक मार, आमी येतो."

शुक्रवारी मी इस्त्रीचा शर्ट पिशवीतून नेला. जेवणाच्या सुट्टीत हातपाय धुतले, शर्ट बदलला, वर गेलो. वाढणाऱ्याने वाढलं. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो. पहिला घास घेतला आणि साहेब समोर आला.

"कोण रे तू?"

"कॅज्युअल, सर. बाहेर नोटीस आहे."

तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. मग तो इतका हसला की त्याने टेबलाचा आधार घेतला. "अरे ऐका, ऐका! ह्याला वाटलं कॅज्युअल्स म्हणजे हे लोक!" त्याने आपला टी-शर्ट चिमटीत धरून माझ्या तोंडापुढे हलवला. "कॅज्युअल्स म्हणजे कपडे रे. कपडे. कपड्यांना परवानगी आहे. तुला नाही."

मग ताट. नंतर म्हणाला, "पूस ते." पुसायला काही नव्हतं. मी इस्त्रीचा शर्ट काढला आणि गुडघ्यावर बसून त्या शर्टाने फरशी पुसली. वर मी "सॉरी सर" म्हटलं. ताट त्याने ओतलं आणि सॉरी मी म्हटलं. याची मला आजही लाज वाटते, त्या डाळीपेक्षा जास्त.

खाली जिन्याच्या पायथ्याशी सात जण हात धुऊन उभे होते. माझ्या हाकेची वाट बघत. त्यांनी मला बनियनवर उतरताना बघितलं. विश्रामदादाने स्वतःच्या पंच्याने माझं डोकं पुसलं.

त्यानंतर मी त्या एका शब्दाच्या मागेच लागलो. कुठेही कानावर पडला की थांबून ऐकायचो. साहेबांना कॅज्युअल लीव्ह असते, म्हणजे सहज मनात आलं म्हणून घेतलेली सुट्टी. ती फक्त परमनंट माणसाला मिळते. कॅज्युअलला कॅज्युअल लीव्ह नाही. साहेब लोक फोनवर म्हणायचे, "काही नाही रे, कॅज्युअल मीटिंग आहे." म्हणजे नुसत्या गप्पा. सुपरवायझर ओरडायचा, "काम कॅज्युअली करू नका." म्हणजे निष्काळजीपणे. एकच शब्द. त्यांच्या अंगाला लागला की आराम आणि आमच्या अंगाला लागला की शिवी.

पावसाळा संपता संपता ते झालं. सकाळची पाळी, दहाचा सुमार. ॲसिडच्या पाइपाचा जोड गळायला लागला होता. नियम असा की लाइन बंद करायची, प्रेशर उतरवायचं, अंगभर रबरी सूट घालून परमनंट ऑपरेटरने तिथे जायचं. लाइन बंद केली तर बॅच वाया जाणार होती. साहेब तिथे उभा होता आणि मी त्याच्यापासून चार हातांवर ड्रम लावत होतो.

ऑपरेटर म्हणाला, "सर, चालू लाइनवर मी नाही जाणार."

साहेब म्हणाला, "कॅज्युअलला पाठव. दोन मिनिटांचं काम आहे."

हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

विश्रामदादाच्या हातात पाना दिला. सूट नाही, चष्मा नाही, हातात कापडी मोजे. त्याने दुसरा बोल्ट आवळला आणि जोड फुटला.

तो किंचाळला नाही. ॲसिड उघड्या तोंडात गेलं होतं. तो छाती ओरबाडत गोल फिरला आणि पडला. मी त्याला ओढत इमर्जन्सी शॉवरखाली नेलं, दांडा खेचला. पाणी आलं नाही. शॉवर रंगवलेला होता, पाटी लावलेली होती, पाणी तेवढं नव्हतं. मग आम्ही फरशी धुवायचा पाइप आणला आणि त्याच्यावर धरला. शर्ट काढायला गेलो तर शर्टाबरोबर कातडी आली. माझ्या हातात आली. ती मी कुठे टाकली ते मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही म्हणून मी कित्येक दिवस झोपलो नाही.

ऑफिसरांच्या बसमधून त्याला परशुराम घाटाने चिपळूणला नेलं. हॉस्पिटलच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, कॅज्युअल्टी. दादाचा एक डोळा तेवढा उघडत होता. तो सातवी शिकलेला, पाटी दिसली की वाचणारा. स्ट्रेचरवरून त्याने ती वाचली. जिभेची चाळण झाली होती तरी बोलला.

"कॅज्युअलांचा... येगळा दरवाजा हाय काय हितं?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं. मी म्हटलं, "हाय दादा. आपलाच हाय." दुसरं काय सांगणार होतो?

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

तासाभरात साहेब आला. या वेळी पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि टाइप केलेला कागद पुढे केला. साक्षीदार म्हणून माझं नाव आधीच घातलेलं होतं. 'सदर कामगाराने कोणाच्याही सूचनेशिवाय, कॅज्युअल वृत्तीने, सुरक्षा साधने न वापरता चालू लाइनवर काम केले, हे मी प्रत्यक्ष पाहिले.'

"सही कर. पहिल्या तारखेपासून परमनंट. निळं कार्ड."

माझा हात पेनाकडे गेला. हे मी लपवणार नाही. नऊ वर्षं मी त्या निळ्या कार्डासाठी ब्रेक काढले, पाय धरले. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पेन बोटांत धरलं.

तरी तोंडातून निघालं, "पण सर, तुम्हीच पाठवलंत ना त्याला?"

त्याने माझ्या मानेमागे हात टाकला. वरून दोस्तासारखा, आतून बोटं रुतवून. "तो गेला, तू आहेस. असल्या गोष्टी जरा कॅज्युअली घ्यायला शिक."

मी मारलं.

मुठीत पेन होतं तसंच. त्याच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तो भिंतीवर आदळला, पांढरा शर्ट लाल झाला. मी दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्यांदा मारणार होतो, वॉर्डबॉयने धरलं. आत विश्रामदादाला पांढऱ्या कापडात गुंडाळत होते आणि बाहेर तीन डॉक्टर एका नाकासाठी धावत होते.

मारून मला बरं वाटलं. पण किती वेळ? पोलिसांच्या गाडीत बसेपर्यंत. मग लक्षात आलं, माझ्या मुठीने दादाबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. तो कागद तसाच होता. माझी सही नाही तर दुसऱ्याची मिळणार होती, आणि मिळाली, त्या ऑपरेटरची.

जामिनावर सुटलो तो दादाच्या घरी गेलो. वहिनी ओटीवर बसली होती. रडून संपलेली. तिने मला एवढंच विचारलं, "कंपनीवाले बोलतात, ह्यांनी निष्काळजीपणा केलानी. तू तिथं व्हतास. खरं सांग, ह्यांची चूक व्हती?"

"नाय वहिनी. त्यांना पाठवलानी."

"मग हे कुनी लिवून ठेवलंय काय?"

कुणीच ठेवलं नव्हतं. त्याच दिवशी तिच्यासमोर बसून मी लिहिलं. माझं अक्षर वाईट, मराठी बोलतो तशी. सात पानं झाली. कोण कुठे उभा होता, कोण काय म्हणाला, शॉवरचा दांडा कितीदा खेचला. फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे दिली, पोलिसांत दिली, पोच घेतली.

आता दोन केसेस आहेत. एक दादाच्या मरणाची, तिच्यात मी साक्षीदार. दुसरी साहेबाच्या नाकाची, तिच्यात मी आरोपी. लोट्यातल्या कुठल्याच कंपनीच्या गेटवर आता मला घेत नाहीत. मी चिऱ्यांच्या खाणीवर दगड उचलतो. कंपनीचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. साक्ष मागे घे, आम्ही मारहाणीची तक्रार मागे घेतो, असं म्हणतो. आई दाराआडून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "काय करायचं ते तू ठरव. माज्याकडं बगू नको."

माझा वकील भला माणूस आहे. तो म्हणतो, मारहाण नाकार. व्हरांड्यात कॅमेरा नव्हता, वॉर्डबॉय बोलणार नाही, सुटशील.

मी नाकारणार नाही. कोर्टात विचारतील, मारलंस का? मी म्हणेन, हो. किती वेळा? दोन. का? तेही सांगेन. होईल ती शिक्षा होऊ दे. एका कोर्टात मी स्वतःला वाचवायला खोटं बोललो, तर दुसऱ्या कोर्टात विश्रामदादाबद्दलचं माझं खरं कोण मानेल? ते चार हातांवरून ऐकलेलं वाक्य सांगणारा माझ्याशिवाय आता कोणी उरलेला नाही. मी ते वाक्य सांगणार आहे. जेलमधून बेड्या घालून आणलं तरी सांगणार आहे.