मखमल लावलेली पट्टी

मी हात पुढं केला आणि आक्कासाहेबांनी मान मागं घेतली.

फार नाही. दोन इंच. पण मी तीस वर्षांहून जास्त काळ माणसांच्या माना बघते आहे. मान अवघडली म्हणून मागं जाणं वेगळं आणि हात टाळायला मागं जाणं वेगळं.

"पट्टी कुठाय तुझी?" त्या म्हणाल्या. "तुझी आई पट्टीनं करायची."

मला बरं वाटलं. हे आधीच लिहून टाकते. एवढ्या मोठ्या घरच्या बाईला माझ्या आईची पद्धत इतक्या वर्षांनी आठवते आहे, म्हणून मला बरं वाटलं. घाईत बॅगेतून पट्टी काढायची राहिली होती, म्हणून नुसता हात पुढं गेला होता. मी हसून पट्टी काढली. तिचं मखमल लावलेलं टोक आक्कासाहेबांच्या हनुवटीखाली धरलं आणि चेहरा अर्धा इंच वर उचलला.

"हां. असं," त्या म्हणाल्या.

मी फोटो घेतला. चांगला आला. मग त्या शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडं वळल्या.

"हिच्या आईला आमच्या सासूबाईंनी शिकवलं हे. शिवायचं नाही, म्हणून पट्टी दिली होती. तेव्हापासून ह्यांच्यात पद्धतच पडून गेली बघ. चांगली पद्धत हाय."

आवाजात राग नव्हता, कुत्सितपणा नव्हता. मोलकरणीची भांडी स्वच्छ निघतात म्हणून तिचं कौतुक करावं, तसा आवाज. सून मोबाईलमध्ये बघत राहिली. पट्टी माझ्या हातात होती. मी ती बॅगेत ठेवली, चेन ओढली आणि स्कूटीवर बसून घरी आले. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टर चालले होते. मी एकालाही मागं टाकलं नाही.

मी राहुरीत फोटो स्टुडिओ चालवते. स्टुडिओ आईनं काढला. आई त्याआधी नगरला मिशनच्या दवाखान्यात आया होती. एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचं काम तिच्याकडं आलं. लाल दिव्यात, औषधाच्या पाण्यात, तिनं आधी माणसांची हाडं उमटताना बघितली. चेहरे नंतर. लग्न होऊन राहुरीला आली तेव्हा तिनं वडिलांना एकच गोष्ट मागितली, कॅमेरा. वडील कालव्यावर नोकरीला होते. त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून तीन पायांवर उभा राहणारा लाकडी पेटीचा कॅमेरा आणला. स्टँडजवळ भाड्याची खोली घेतली, मागं डोंगर आणि तळं रंगवलेला पडदा लावला.

बाई फोटो काढते हे लोकांना पटायचं नाही. माणसं आत यायची, आईकडं बघायची आणि विचारायची, "फोटोवाला कुठं गेला?" आई म्हणायची, "मीच हाय." काही बसायचे. काही उठून जायचे. पण बायका यायला लागल्या. परक्या पुरुषासमोर पदर सारखा करायचा नाही, मान वळवायची नाही, अशा घरातल्या बायका. मुसलमान मोहल्ल्यातल्या बायका तर आईशिवाय कुणाकडं जायच्या नाहीत. आत आल्या की बुरखा वर करायच्या आणि स्वतःच हनुवटी पुढं करायच्या. "आपा, धरून सरळ करा ना, मला जमत नाही." आई दोन बोटांनी चेहरा फिरवायची. तिची बोटं औषधानं पिवळी पडलेली असायची.

आम्ही महारवाड्यातले. आजोबा ख्रिस्ती झाले. देव बदलला, नावं बदलली. घर होतं तिथंच राहिलं, आणि गाव आम्हाला बघायचं तसंच बघत राहिलं.

लहानपणी मी स्टुडिओत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून अभ्यास करायची. गणित मला आवडायचं. आई काही गिऱ्हाइकांचा चेहरा हातानं सरळ करायची आणि काहींचा पट्टीनं, हे मी पाहिलं होतं. लाकडी पट्टी, बारा इंची, एका टोकाला जांभळी मखमल गुंडाळून दोऱ्यानं घट्ट बांधलेली. पट्टी निघायची ती मोठ्या गिऱ्हाइकांसाठी. बागायतदार, कारखान्यातले, पेठेतले. मी माझा अर्थ लावला. हात म्हणजे साधं काम. पट्टी म्हणजे बारकाईचं काम.

पुढं स्टुडिओ माझ्याकडं आला. मी पट्टीचं शास्त्र केलं. हनुवटी आणि खांदा यांत चार इंच. लहान मानेच्या माणसाला तीन. चष्मा असेल तर चेहरा अर्धा इंच खाली, म्हणजे काचेत दिवा दिसत नाही. हे सगळं मी मोजून, फोटो शेजारी शेजारी ठेवून काढलं होतं. आणि मोठ्या लोकांसाठी जे होतं ते सगळ्यांना मिळालं पाहिजे, म्हणून मी प्रत्येकाला पट्टी लावली. रेशन कार्डाच्या फोटोला आलेल्या ऊसतोडणीच्या बाईला. शाळेच्या दाखल्यासाठी आलेल्या पोरांना. माझ्या वस्तीतल्या माणसांना. माझ्या मुलीला दहावीच्या फोटोच्या वेळी. लोक म्हणायचे, "ताई पट्टीनं करतात, लई नीट करतात." मी मान ताठ करून ऐकायची.

माप घ्यायच्या पट्टीला मखमल कशाला लागते? सगळं मोजणाऱ्या मला हा एवढा प्रश्न पन्नाशी ओलांडेपर्यंत पडला नाही.

आई आता ऐंशीच्या पुढं आहे. डोळे गेल्यात जमा. दारातल्या खाटेवर बसून असते, चालीवरून माणूस ओळखते.

"काय झालं गं?" मी आत पाय टाकताच ती म्हणाली. "गाडी जोरात उभी केलीस."

मी पट्टी तिच्या हातात दिली. तिनं मखमलीवरून अंगठा फिरवला.

"आक्कासाहेबांकडं गेले होते," मी म्हणाले. "त्यांनी सांगितलं, पट्टी कशाची हाय ते."

आईनं पट्टी मांडीवर आडवी ठेवली. मग बोलली.

"तिचं डोहाळजेवण हुतं. फुलांची वाडी भरली हुती. सगळा बायकांचा मेळा, पुरुष फोटोवाला आत कसा न्यायचा? म्हणून मला बोलावणं आलं. तवा तू पोटात हुतीस. मला बी सातवा चालू हुता. ती झोपाळ्यावर, मी कॅमेऱ्यामागं. तिची मान खाली जायची सारखी. मी गेले आन् हनुवटी धरून वर केली. रोज करते तशी."

"मग?"

"तिची सासू वरडली. शिवलीस व्हय गं तू तिला, म्हनली. पोरीला झोपाळ्यावरनं उठवली. फुलं काढली, आंघूळ घातली. थंडीचे दिवस. ती कुडकुडत हुती. पुन्हा नवी फुलं माळली. मला अंगणात उभी केली तवर. मग म्हनली, लांबून सांग. लांबून सांगून व्हतंय व्हय? वर म्हनलं की ती कपाळच वर करायची. म्हातारीनं धाकट्या पोराच्या दप्तरातनं पट्टी काढली आन् फेकली माझ्याकडं. ह्येनं कर, म्हनली. टोचल तिला म्हणून तिनंच चोळीच्या कापडातला मखमलीचा तुकडा दिला. तिच्या हनुवटीला टोचू नाय म्हणून."

पट्टी आमची नव्हतीच. ती त्यांच्या घरातून आलेली होती.

"तू परत का गेलीस त्यांच्याकडं?"

"त्यो फोटो बघून बाकीच्या घरच्या बायका आल्या. त्या बी म्हनायच्या, आम्हाला बी पट्टीनंच कर. तुमची शाळा त्याच्यावर झाली."

"मला का सांगितलं नाहीस?"

आईनं पट्टी माझ्याकडं परत केली. "तू ती मानानं धरायचीस गं. मला वाटलं, हिच्या हातात तरी ती चांगली झाली. राहू दे."

मी रडले नाही. रडायचं काय होतं त्यात. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. मला शिवायचं नाही ही तर त्यांची जुनीच गोष्ट. राग याचा आला, की त्यांनी फेकलेली वस्तू मी आयुष्यभर कला म्हणून उचलून धरली. अपमान त्यांनी केला, त्याचं गणित मी मांडलं. आणि ज्या माणसांना माझा हात चालत होता, ज्यांनी स्वतःहून हनुवटी पुढं केली, त्यांनाही मी लाकूड लावलं.

स्टुडिओत जाऊन मी संगणक लावला. आक्कासाहेबांचा फोटो मोठा करून बघितला. उजेड बरोबर. डोळे बरोबर. हनुवटीखाली चार इंच, बरोबर. मी तो पुसला. कॅमेऱ्याच्या कार्डातूनही पुसला.

तो फोटो त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या कार्यक्रमासाठी होता. पत्रिकेवर छापायचा होता, मांडवात मोठा लावायचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा स्टुडिओत आला. डोहाळजेवणाच्या वेळी जो पोटात होता, तोच हा. माझ्याच वयाचा. पांढरे कपडे, पांढरी गाडी.

"काय ताई, फोटो पाठवला नाही अजून. छापखानावाला खोळंबलाय."

"फोटो पुसला मी."

तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे. मग त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "म्हणजे चुकून?"

"चुकून नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. पट्टी काउंटरवर ठेवली. झोपाळा, अंगण, दप्तर, मखमल, काही गाळलं नाही. तो ऐकताना दोनदा बाहेर गाडीकडं बघत होता.

"अहो ताई, जुन्या गोष्टी ह्या. आता कोण पाळतं? मी तुमच्याकडं चहा पितो की नाही?"

"पिता."

"मग झालं तर. आईचं वय झालंय. तिचं मन मोडायचं का आता? पट्टीनं काढला काय आणि हातानं काढला काय, फोटो तोच येतो ना?"

"फोटो तोच येतो," मी म्हणाले. "म्हणून तर हातानं काढू द्या. तुमचं काय जातंय?"

खिशातला मोबाईल त्यानं काढला, परत ठेवला.

"आक्कासाहेबांना इथं आणा," मी म्हणाले. "याच खुर्चीत बसू दे. मी त्यांच्या हनुवटीला दोन बोटं लावीन आणि फोटो घेईन. रात्रीत छापून देईन."

"ती नाही यायची."

"मग तुम्हाला माहीत आहे अजून कोण पाळतं ते."

तो लाल झाला. दाराकडं गेला, परत फिरला. "तुमचा स्टुडिओ आमच्या घरच्या ऑर्डरींवर उभा राहिलाय. तुमच्या आईला विचारा."

"विचारलंय," मी म्हणाले.

तो गेला. आक्कासाहेब आल्या नाहीत. पत्रिकेवर जुना फोटो छापला. त्या घरची आणि त्यांच्या भावकीतली कामं बंद झाली. नातवाच्या लग्नाला केडगावचा फोटोवाला आला. मला कुणी हे येऊन सांगेल, मी हळहळेन, असं काहींना वाटलं असेल. सांगायला आलेही दोघं. "जरा नमतं घ्यायचं ना ताई," एकजण म्हणाला. मी त्याला खुर्चीत बसवलं, त्याची हनुवटी धरून मान ताठ केली आणि म्हणाले, "ही अशी ठेवायला काय लागतं, बघा. काही लागत नाही."

आमच्या स्टुडिओच्या बाहेर काचेचं शोकेस आहे. त्यात मधोमध, मला कळतं तेव्हापासून, एक काळापांढरा फोटो होता. फुलांच्या वाडीत बसलेली तरुण बाई, झोपाळ्याची कडी हातात, चेहरा किंचित वर. आईचा सगळ्यात गाजलेला फोटो. लहानपणी मी त्या चेहऱ्याकडं बघत उभी राहायची. तिचे केस ओले का दिसतात, हे मला कधी कळलं नव्हतं.

मी तो फोटो उतरवला. फाडला नाही, तो माझ्या आईच्या हातचा आहे. कपाटात ठेवला. त्या जागी पट्टी लावली. आईला विचारून लावली. मला ती जाळायची होती. आई म्हणाली, "जाळू नको. जाळलीस तर ते म्हनतील, असं काही नव्हतंच."

पट्टीखाली मी जाड अक्षरांत लिहिलं आहे: "राहुरीतल्या पहिल्या बाई फोटोग्राफरनं गिऱ्हाइकाला शिवू नये म्हणून तिला ही पट्टी दिली होती." दिली कुणी, ते लिहिलेलं नाही. इथंही लिहीत नाही, छापणाऱ्याला त्रास नको. पण स्टुडिओत येऊन जो विचारेल त्याला मी घराचं नाव सांगते. मोठ्यानं सांगते. गिऱ्हाइकं बसलेली असली तरी सांगते.

आणि खुर्चीत जो बसेल, तो कुणीही असो, कारखान्याचा चेअरमन असो की उसाच्या फडावरची बाई, त्याच्या चेहऱ्याला आधी माझा हात लागेल. मान मागं गेली तर मी एकदाच विचारीन. दुसऱ्यांदा मागं गेली, तर दिवे बंद करीन आणि दार दाखवीन.