टँकर चार वाजता

पश्चिम सीमेवरच्या एका बटालियन हेडक्वार्टरला माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी सिग्नलचा नायक होतो. काम रेडिओ सेटवर बसायचं, ड्यूटी दुपारी दोन ते रात्री दहा. गावाकडं फौजी म्हटलं की लोक पहिला प्रश्न करतात, किती मारले? एकही नाही. माझं हत्यार म्हणजे कान, पेन्सिल आणि कोड शीट. उलट माझ्या बोलण्यानं आपलीच दोन माणसं गेली. ते लिहायला बसलोय. आवडलं नाही तर वाचू नका, पण मधे तोंड घालू नका.

कोड शीट म्हणजे रोज बदलणारा कागद. 'पाणी' या शब्दाला आज एक आकडा, उद्या दुसरा. जागेला आकडा, वेळेला आकडा. सकाळी सहाला जुना कागद जाळायचा, नवा काढायचा. दोन्ही टोकांना तोच कागद असेल तरच निरोप कळणार. मधे कोणी ऐकलं तर त्याच्या पदरात नुसते आकडे. आज तुमच्या मोबाइलमध्ये एन्क्रिप्शन म्हणतात ते याच जातीचं काम, फक्त मशीन ते डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं. आम्हाला एका निरोपाला दहा मिनिटं लागायची. बोटं गारठली असली तर पंधरा. आणि माणूस आळशी हाय, बाप्पा.

पोस्ट सातवरचा ऑपरेटर लान्स नायक किसन तांबडे. त्याची वस्ती वडवणीच्या अलीकडं, मी घाटनांदूरचा. पहिल्याच दिवशी सेटवर त्यानं माझं हिंदी ऐकलं आणि म्हणाला, "काय बे, बीडचा हाइस ना? लपत न्हाई." तेव्हापासून आमचं जमलं. चेहरे आम्ही दोन महिन्यांनी पाहिले.

पोस्ट सात म्हणजे उघडा कडा. बर्फ सरलं की वर थेंबभर पाणी नाही. रोज दुपारी खालून पोर्टर पाठीवर डबे घेऊन चढायचे. शेवटचं वळण समोरच्या डोंगरावरून स्पष्ट दिसायचं, म्हणून पोस्टवरचा एक जण तिथं कव्हर द्यायला उतरायचा. बीडलाही त्या वर्षी दुष्काळ होता. घरच्या पत्रातली पहिली ओळ टँकरची असायची. कधी आला, किती घागरी मिळाल्या, रांगेत कोण कोणाशी भांडलं. किसन म्हणायचा, "इतक्या वर यून बी टँकरचीच वाट बघायची! काय नशीब हाय बे." तेव्हापासून आमच्या दोघांत वॉटर पार्टीचं, म्हणजे या डबेवाल्या पोर्टरांचं, नाव टँकर पडलं.

सुरुवातीला ती थट्टा होती. मग सवय झाली. 'वॉटर पार्टी निघाली, सोळाशेला वळणावर', सोळाशे म्हणजे दुपारचे चार, हे कोडमध्ये सांगायला दहा मिनिटं लागायची. आमच्या बोलीत पाच सेकंद. "किसन, टँकर निघाला. चार वाजता." "आलं ध्यानात."

आमच्या सुभेदार साहेबांनी एकदा नेटवर, म्हणजे सगळ्या पोस्टच्या सामाईक रेडिओवर, आम्हाला पकडलं.

"नेट पर ये क्या बोल रहे हो?"

"साहब, हमारे गाँव की बोली है. पुणेवालों को भी समझ नहीं आती."

ते हसले. जाता जाता म्हणाले, "कोड में बोलो." आम्ही चार दिवस कोडमध्ये बोललो. पाचव्या दिवशी पुन्हा टँकर.

आमची चूक काय होती ते नीट ऐका. आम्हाला वाटायचं, आपली बोली हेच कुलूप. आणि आपली बोली कसली? निजामाच्या राज्यातली. वखत, हप्ता, तारीख, फुरसत, बेजार. निम्मे शब्द उर्दूकडचे. समोरच्या डोंगरावर कानाला यंत्र लावून बसलेला माणूस घरी उर्दूच बोलत होता. त्याला आमचं 'कावून', म्हणजे 'का', कळलं नसेल. पण पाणी म्हणजे पानीच, टँकर टँकरच आणि चार म्हणजे चार. आणि हेही कळायची गरज नव्हती. रोज एक शब्द ऐकू येतो, त्यानंतर दोन तासांनी वळणावर माणसं दिसतात. एवढं जुळवायला कुठलीच भाषा लागत नाही. लातूरच्या माणसालाही आमचं बोलणं अडतं, या फुशारकीत आम्ही दोघं होतो.

तो गुरुवार होता. १४०५ ला मी बोललो, "किसन, टँकर निघाला. चार वाजता."

"आज मीच उतरतो वळणावर, सेट पाठीवर घिऊन. तोंड धुवून चार दिस झाले बे. पत्र आलं का?"

"न्हाई."

त्याला घरच्या पत्राची घाई होती. ऊसतोडीची टोळी निघायचे दिवस जवळ आले होते. त्याची बायको सुमन सहा महिन्यांची गरोदर होती, आणि या हंगामाला जाऊ नको असं त्यानं तिला दोनदा लिहिलं होतं. तिचं उत्तर आलं नव्हतं. तो म्हणाला, "उद्या बघ मंग," आणि सेट बंद केला.

१५४६ ला सुभेदार साहेब आत आले. समोरच्यांचं बोलणं ऐकणारी आपलीही एक तुकडी होती. तिनं पकडलेला निरोप त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

"टैंकर निकल चुका है. चार बजे."

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "यहाँ तो गाड़ी का रास्ता ही नहीं है. ये टैंकर क्या है?"

 मी सेट ओढला.

"पोस्ट सात, बेस. ओव्हर."

"बोल बे. टँकर दिसला. ओव्हर."

"थांबव त्यांना. तू बी माघारी फिर. ओव्हर."

"कावून? ओव्हर."

"फिर म्हनलं ना! टँकर कळलाय त्यांना! ओव्हर."

 नंतर त्याच्या सेटचं बटण दाबलेलंच राहिलं असावं, कारण मला सगळं ऐकू येत होतं. "पीछे! बशीर भाई, पीछे!" बशीर पार्टीचा म्होरक्या. किसनचा आवाज हलत होता, दगड घसरत होते. वर पोस्टकडं न जाता तो खाली पार्टीकडं पळत होता. १५५२ ला पहिला गोळा पडला. मला तो आधी सेटवर ऐकू आला आणि मग कानानं.

सहा पोर्टर होते. वळणाच्या आडोशाला परत फिरले ते पाच वाचले. बशीर जागेवर गेला. किसन खाली आणताना १७३५ ला वाटेतच संपला. आणणारे सांगत होते, कपडे रक्तानं कमी आणि पाण्यानं जास्त भिजले होते, कारण डबे फुटले होते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी खरं सांगितलं. रँक गेली, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये शिक्षेची रेड इंक एंट्री झाली. ती योग्यच होती. बाहेर आल्यावर सुभेदार साहेब म्हणाले, "मैंने भी हँसकर छोड़ दिया था." आम्ही दोघांनी चहा घेतला.

दोन महिन्यांनी रजा मिळाली. मी वडवणीला उतरलो आणि चालत वस्तीवर गेलो. सुमन वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. किसनला आणलं त्या दिवशी वस्तीवर अंघोळीपुरतंही पाणी नव्हतं. तासाभरानं टँकर आला तेव्हा बायांनी रांग सोडली आणि पहिली घागर त्याच्यासाठी भरू दिली, असं त्यांनी मला सांगितलं. मग विचारलं, "भाऊजी, तुमीच बोलत होता ना त्यांच्याशी? शेवटी काय म्हनले?"

मी म्हणालो, "पाणी आलं, म्हनला."

त्यांनी मान हलवली. मी चहा न पिता निघालो. एवढं खोटं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, आणि त्या वेळी मला ते दयेचं काम वाटलं. मला माझीच कातडी वाचवायची होती, दुसरं काही नाही.

त्यांना मुलगी झाली. पुढचे दोन हंगाम तिला पाठीशी बांधून वहिनी उसाच्या फडात गेल्या. नंतर त्यांनी वस्तीवरच्या अकरा बाया गोळा केल्या आणि दूध सोसायटी काढली. लोक हसले. दहा-बारा वर्षांत हसणारेच दूध घालायला यायला लागले. मी रिटायर होऊन पुण्यात वॉचमनगिरी केली आणि परत आलो, तेव्हा त्या सोसायटीच्या चेअरमन होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमी वायरलेसमधले. आमचं कॉम्प्युटरचं तुमीच बघा." घाटनांदूरहून मी वडवणीला खोली घेतली.

पहिल्या सकाळी पाहिलं. वहिनींनी कॉम्प्युटर चालू केला आणि एका बोटानं, एकेक इंग्रजी अक्षर शोधत, पासवर्ड टाकला. किसन, एक, दोन, तीन. तेवढी अक्षरं त्या मुलीकडून शिकल्या होत्या. दूध तपासणाऱ्याला, टेम्पोवाल्याला, फॅट विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला तो पासवर्ड ठाऊक होता. वहिनी नसल्या की कोणीतरी दारातूनच ओरडून विचारायचं आणि दुसरा आतून ओरडून सांगायचा. 

हे बदला असं पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं. डिस्क एन्क्रिप्ट करायला हवी होती, म्हणजे कोणी उचलून नेली तरी हाती कचरा. मी सांगितलं ते फक्त वरवरचं. बॅकअप घ्या, ओटीपी कोणाला सांगू नका. बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच कॉम्प्युटरला कायमचा अडकवून ठेवला होता, तोही मी चारदा काढायला लावला आणि पाचव्यांदा तसाच सोडला. पण पासवर्डचं नाव काढलं नाही. सतरा वर्षं जो हेच शिकला आणि ज्यानं हेच शिकवलं, तो दोन वर्षं गप्प बसला. त्या नावावर माझा हात जात नव्हता.

यंदा पुन्हा दुष्काळ. सोसायटीनं चारा छावणी चालवायला घेतली. प्रत्येक जनावराचा कानातला बिल्ला, मालकाचं आधार, मोबाइल नंबर, अंगठ्याचा ठसा, सगळं त्या एका कॉम्प्युटरमध्ये. मंगळवारी सकाळी ०६१० ला वहिनींनी तो चालू केला. एकही फाइल उघडेना. दूरवरून आत शिरलेल्या चोरांनी स्क्रीनवर इंग्रजीत चार ओळी सोडल्या होत्या: माहिती आमच्याकडं आहे, कुलूप आम्ही घातलंय. पेन ड्राइव्हलाही तेच कुलूप.

यादी नाही म्हणून छावणीचा चारा नऊ दिवस अडला. चौदा जनावरं बसली ती उठली नाहीत. त्यातच सभासदांना फोन यायला लागले. बोलणाऱ्याला बापाचं नाव माहीत, गाईच्या बिल्ल्याचा नंबर माहीत. "आमच्या गौरीचा नंबर सांगितला हो त्यानं! मला वाटलं, सरकारी मानूस हाय." एक म्हातारी मला सांगत होती. तिनं ओटीपी देऊन टाकला होता.  परका माणूस ओळखीचा वाटायला किती थोडं पुरतं, हे मला तिच्यापेक्षा आधी कळायला हवं होतं.

तपासाला शहरातून एक साहेब आले. ऑफिसात वीसेक माणसं उभी होती. त्यांनी विचारलं, "पासवर्ड काय होता?"

वहिनी म्हणाल्या, "किसन. एक दोन तीन."

साहेबांना हसू आलं. "अहो, हे तर कोणीही ओळखेल." मागं एक-दोघं हसले. वहिनी हसल्या नाहीत.

अकरा वाजेपर्यंत सगळे गेले. आम्ही दोघंच उरलो.

"भाऊजी, तुमी दोन वर्स इथं हाव. हे बदला म्हून कदी बोलला न्हाईत."

"हिंमत झाली न्हाई, वहिनी."

"कसली हिंमत?"

मग मी सांगितलं. कोड शीट, टँकर, सुभेदार साहेबांची चिठ्ठी, १५४६, १५५२. काही लपवलं नाही. माझ्या तोंडून निघालेला शब्द शत्रूच्या तोंडी होता हे सांगितलं. मला वाटलं त्या ओरडतील, चप्पल काढतील. काढली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी विचारलं, "मंग 'पाणी आलं' म्हनले, ते?"

"खोटं होतं."

त्यांनी पदरानं टेबल पुसलं. टेबल स्वच्छच होतं.

"लई वर्स मी तेवढ्यावर काढली, भाऊजी," त्या म्हणाल्या. मग पदर खोचत, "बदला आता. काय करायचं ते करा."

मी नवा पासवर्ड केला. सोळा अक्षरं, कशाचंच नाव नाही. डिस्क एन्क्रिप्ट केली. बॅकअप वेगळ्या गावी, वेगळ्या पेटीत. सगळं नियमाप्रमाणं, आणि सगळं उशिरा. पासवर्ड बदलता येतो, पण आधार बदलत नाही, अंगठा बदलत नाही. जे गेलं ते कुठल्या तरी परक्या मशीनमध्ये आमच्या मरणानंतरही राहणार. गावातले अर्धे लोक अजूनही दारातून ओरडून एकमेकांना पिन सांगतात. मी सांगतो, ते हो म्हणतात.

बशीर भाई पोर्टर होता, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. त्याच्या गावाचं नाव मी त्या वेळी विचारलं नाही, आणि आता विचारायला कोणी उरलं नाही. लान्स नायक किसन तांबडेचं नाव वस्तीच्या शाळेत एका फळ्यावर होतं. शाळा दुरुस्तीला काढली तेव्हा तो फळा उतरवला, परत लावला नाही.

वहिनी माझ्याशी आता कामापुरतं बोलतात. सकाळी सहाला दुधाच्या वेळी त्या कॉम्प्युटर चालू करतात आणि एका बोटानं पहिल्यांदा किसनचंच नाव टाकतात. विसरून नाही, मला आता कळलंय. तीनदा चुकलं की कॉम्प्युटर बंद पडावा असं मी ठेवलं होतं, ते मी पाचवर नेलं. नियमात बसत नाही. स्क्रीनवर येतं, पासवर्ड चुकीचा आहे. वहिनी ते पूर्ण वाचतात आणि मग पिशवीतून सोळा अक्षरांचा कागद काढतात.