खिशातला डावा हात

सरोजिनी नगरात आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये एक सरकारी बाबू राहतो. माणूस बरा आहे, पण कान खातो. जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर त्याने गिटारसाठी घरीच बनवलाय. तो उघडून काम करताना डावा हात कायम पँटच्या खिशात.

मी म्हटलं, "साहेब झालास का रे? दोन्ही हात लाव की."

"बिल्कुल नाही, आजी! दोन्ही हात आत घातले तर करंट छातीतून जातो."

पण गिटार वाजायच्या आधीच तो डबा नुसता घूं करायचा. गेल्या रविवारी त्याच्या बायकोने बजावलं, "आज ही घूं थांबली नाही, तर डबा भंगारात, कबाडीवाल्याला." हा धावत माझ्याकडे, लाकडी उलथनं मागायला.

"धिरडी काय बोटांनी उलटू?" असं म्हणत मीही मागोमाग वर गेले.

उलथन्याच्या दांड्याने तो एकेक वायर हलवत होता. एक पिवळी वायर ट्रान्सफॉर्मरपासून लांब सारली आणि घूं एकदम बंद!

"आजी, अशीच धरा! वाजवून बघतो!"

मी उलथनं धरलं. दुसरा हात आपोआप पाठीमागे गेला. त्याने तार छेडली, तशी खिडकीची काच थरथरली. बायको कणकेच्या हातांनी धावत आली. "अरे, अजून मोठ्याने!"

त्या दिवशी कबाडीवाला खालून ओरडत गेला म्हणे. आम्हा तिघांना ऐकूच आला नाही.