शकूवहिनींनी पुण्यात घेतलेला ग्लास

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाकडे निघालं की वर चढणारी एक वाट शकूच्या वाडीत जाते. या वाडीत हातभट्टी मिळत नाही, आणि ती शकूमुळे मिळत नाही, हे आजूबाजूच्या गावांतही सगळे मान्य करतात. बायका जमवून रानात लपवलेले दारूचे कॅन ओतून देणारी ती, आणि पहिली शिक्षा स्वतःच्या नवऱ्याला करणारीही तीच. एका शिमग्याला कुशाबा झिंगत घरी आला, तेव्हा बायकांनी त्याला पालखी बसते त्या सहाणेवरच्या खांबाला बांधला. मुंबईहून सणाला आलेली माणसं बघत होती. दिवस कलेपर्यंत शकूने दोर सोडू दिला नाही.

त्यानंतर कुशाबा दारूला शिवला नाही. बोलायचाही कमी झाला. दारू सुटलेला माणूस शांत होतो, असं शकू धरून चालली होती.

गेल्या थंडीत बचत गटाचा स्टॉल पुण्यातल्या प्रदर्शनात लागला. नाचणीचे पापड, आमसुलं, कुळथाचं पीठ घेऊन शकू बयाबाईबरोबर गेली. एका संध्याकाळी तिच्या भावाची मुलगी सेजल स्टॉलवर आली. सेजल पुण्यातच नोकरी करते.

"आत्या, आज डबा नको. बाहेर जेवू या दोघी."

बयाबाईचे पाय दुखत होते, ती मुक्कामी गेली. सेजलने आत्याला रिक्षात घातलं आणि एका हॉटेलात नेलं. मोकळं अंगण, झाडाखाली टेबलं, पिवळे दिवे. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं. आजी नातवाला भरवत होती आणि तिच्या लेकीसमोर बियरचा ग्लास होता. कुणी ओरडत नव्हतं, कुणी कुणाच्या अंगावर जात नव्हतं. शकू बघतच राहिली.

सेजलने सुरमई, तंदुरी कोंबडी, रोट्या असं दोघींत मिळून मागवलं. मग जरा चाचरत म्हणाली, "आत्या, मी एक बियर घेतली तर रागावशील?"

"घे. मी कोण तुला बोलणारी?"

ग्लास आला. फेस वर चढून काठावर थांबला. सुरमईचा तुकडा मोडता मोडता शकूची नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती. शेवटी तीच म्हणाली, "बघू गो जरा."

पहिला घोट कडू लागला. दुसरा तेवढा नाही. सेजलने हसत दुसरा ग्लास मागवला, शकूने नको म्हटलं नाही. मग तिला लहानपणीचं काय काय आठवायला लागलं. सेजलच्या बापाने मास्तरांच्या सायकलला शेळी बांधली होती, आणि शाळा सुटल्यावर शेळी पुढे, सायकल मागे, मास्तर त्याच्या मागे, असं सगळं लटांबर ओढ्यापर्यंत गेलं होतं. सांगता सांगता शकूला एवढं हसू आलं, की डोळ्यांतून पाणी आलं आणि पदर तोंडाला लावावा लागला.

तेवढ्यात फोन वाजला. कुशाबा होता.

"जेवलीस का?"

"जेवतेय. सेजलसंगं."

"बरं. पाडा झाला गाईला. दोघं बरी हायेत." मग तो म्हणाला, "हसत होतीस वाटतं?"

"नाय हो, ठसका लागला," शकू म्हणाली, आणि ग्लास हाताने बाजूला सारला. उरलेली बियर तिने प्यायली नाही, आणि कोंबडीलाही पुन्हा हात लावला नाही.

घरी आल्यावर तिला चैन पडेना. बायका पुण्याच्या विक्रीचं कौतुक करत होत्या, ते तिला ऐकवेना. कुशाबाने पाड्याला मऊ पेंढ्यावर निजवलं होतं, घर सारवून घेतलं होतं. त्याच्या प्रत्येक कामाने ती आणखीच खजील होत गेली. एका सकाळी तो गोठ्यात असताना ती दारात जाऊन उभी राहिली.

"अवो, पुण्यात मी बियर प्यायले."

कुशाबाचा हात थांबला. "पोरीनं आग्रह केला?"

"नाय. मीच मागितली."

"कशी लागली?"

तो चिडेल, थुंकेल, असं काहीबाही तिने मनात धरलं होतं. या प्रश्नाला तिच्याकडे खोटं उत्तर नव्हतं. "चांगली लागली. लय हसले मी."

"मी बी त्याच्यासाठीच प्यायचो, शकू. तुला वाटायचं, तुला छळायला पितो." त्याने पेंढा खाली ठेवला. "सोडायलाच पायजे होती. हात उचलायचो मी, ते विसरलो नाय. पण त्या दिवशी सहाणेवर मी पाणी मागत होतो. माझी आय तांब्या घेऊन आली, तर तू तिला मागं सारलंस. ती मरेपर्यंत तेच बोलत होती."

शकूला तांब्या आठवला. तो पुढे करणारा म्हातारीचा हातही आठवला.

"मग मला कधी बोलला का नाय?"

"कुणाला? तुला?" एवढंच म्हणून कुशाबा गाईकडे वळला.

पुढच्याच महिन्यात वाडीत हर्षदचं प्रकरण झालं. मुंबईची नोकरी सुटून गावी आलेला हा पोरगा पोलादपुरातून बाटली आणून प्यायचा आणि बायकोला, पूजाला मारायचा. बायका जमल्या. बयाबाईने दोर आणला. सगळ्यांनी शकूकडे पाहिलं.

"बांधायचं नाय," शकू म्हणाली. "मी केलं ते चुकलं होतं. आणि पुण्यात मी स्वतः प्यायलेय. त्याला बांधायला माझा हात उचलत नाय."

बयाबाईने दोर खाली टाकला. "म्हंजे मी पाय धरून मुक्कामी पडले, आणि तू तिकडं ढोसत होतीस?" ती तरातरा निघून गेली, आणि तिच्यामागून चारसहाजणी गेल्या.

पूजा मात्र तिथेच उभी होती. गालावर वळ होता. "वहिनी, मग मी काय करू? मार खात राहू?"

हा प्रश्न शकूला बयाबाईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला. "तू आजपासून माझ्याकडं राहा," ती म्हणाली. "तो बरा होईपर्यंत त्याच्या घरात जायचं नाय. त्याला मी महाडला डॉक्टरकडं नेते."

हर्षद सरळ आला नाही, कुशाबाने त्याला आणला. औषध सुरू झालं. काही दिवस बरा राहिला, मग घसरला, मग पुन्हा महाड. पूजा अजून शकूकडेच आहे. बयाबाई शकूशी बोलत नाही, आणि शकूच्या जागी गटाची प्रमुख आता तीच आहे.

महाडला जाताना कुशाबा न चुकता बरोबर येतो. एसटीत तो हर्षदच्या शेजारी बसतो आणि सबंध वाट त्याच्याशी काही ना काही बोलत असतो. शकू मागच्या बाकावर असते. गाडीच्या आवाजात तिला शब्द कळत नाहीत. पुढे वाकलं तर कळतील, पण ती वाकत नाही.