मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

अर्ध्या गावाला गाडी चालवायला मास्तरांनी शिकवलं, आणि त्या अर्ध्या गावाला मास्तरांचा उजवा पाय चांगला ठाऊक होता. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याला समोरची सायकल दिसायच्या आधीच मास्तरांनी तो दाबलेला असे. सवयच ती, घरी कोचावर बसूनही सुटली नाही. टीव्हीतली गाडी जोरात वळली की मास्तरांचा पाय फरशीत रुतायचा. पोरं पाठीमागे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. ते त्यांना कळलं होतं आणि मनातून आवडतही होतं.

एवढ्या जगाला शिकवलं, पण बायकोला नाही. लग्न नवं असताना एकदा प्रयत्न झाला होता. पहिल्याच वळणावर तिने गाडी थांबवली, किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि विचारलं, "संसार करायचाय की लायसन्स काढायचंय?" मास्तरांनी शहाण्यासारखा संसार निवडला.

मग विसरणं सुरू झालं. एका मुलीकडून गाडी नीट मागे लावून घेतली आणि लगेच तिला म्हणाले, "चला, आता मागे लावून दाखवा." ती हसली, मास्तर हसले नाहीत. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हे वाढत जाणार, म्हणाले, तेव्हा डोकं शाबूत आहे तोवर पुढची सगळी व्यवस्था लावून ठेवा.

वकीलबाई मास्तरांच्याच हाताखाली गाडी शिकलेल्या. मृत्युपत्राचं काम चुटकीसरशी झालं: घर बायकोचं, तिच्या पश्चात दोन्ही मुलांचं सारखं. आजारपणाचंही मास्तरांनी ठरवून आणलं होतं. जमेल तोवर घरीच राहायचं, दिवसा सांभाळायला माणूस ठेवायचा. बायकोला झेपेनासं झालं की शुश्रूषागृहात ठेवायचं, आणि त्याचं कुणी मनाला लावून घ्यायचं नाही.

"आणि तुम्हाला बोलून सांगता येईना, तर तुमच्या वतीने ठरवायचं कुणी?" बाईंनी विचारलं.

टेबलाखाली मास्तरांचा पाय दाणकन आपटला.

"मास्तर," बाई शांतपणे म्हणाल्या, "गाडी मी चालवत नाहीये."

बायकोने तिथेच अंग काढून घेतलं. "मला नका घालू यात. तुमचं ठरवायची वेळ आली तर मला नुसतं रडू येईल." मग उरली दोन मुलं. थोरला दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर, करता-सवरता. धाकटी जवळच राहणारी, पण अशा बापाच्या पोटी जन्मून गाडीला भिणारी. मास्तरांना रात्र रात्र झोप लागेना. आयुष्यभर दुसऱ्याच्या चालवण्यावर ज्याचा पाय राहिला, त्याने आपलंच स्टिअरिंग कुणाच्या हाती द्यायचं?

शेवटी ते बायकोला म्हणाले, "परीक्षा घेतो."

"पोटच्या पोरांची?"

"मग काय शेजाऱ्यांच्या पोरांची घेऊ?"

सुट्टीला आलेल्या थोरल्याने शिकवणीच्याच गाडीतून बापाला लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरवून आणलं. चूक काढायला जागा नव्हती. मास्तर मध्ये एकदा म्हणाले, "इथून वळ." तो प्रेमाने म्हणाला, "बाबा, तुम्ही निवांत बसा, मला जवळचा रस्ता माहीत आहे." आणि खरंच लवकर घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी बसली. गाडी दोनदा बंद पाडली, आरसा तीनदा पुसला. बाजारापुढच्या चौकात तिने विचारलं, "बाबा, घरी कुठून जायचं?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि त्यांना रस्ता आठवेना. ज्या चौकात हजारदा वळले, तो चौक एकदम परका झाला. मागून हॉर्न वाजू लागले. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"आठवेल तेव्हा सांगा," ती म्हणाली. "घाई नाही."

बराच वेळ गेला, आठवलं नाही. मास्तरांनी मान हलवली. तेव्हा तिने गाडी सुरू केली आणि पाण्याच्या टाकीकडे वळवली. तो लांबचा रस्ता. जवळच्या रस्त्यावरच्या गतिरोधकांनी बायकोचे गुडघे दुखतात म्हणून मास्तर कायम टाकीवरून वळसा घेत, एकटे असले तरी. त्या रस्त्यावर मोठा चढ होता, आणि त्या चढाला धाकटी वाघाला भ्यावं तशी भ्यायची.

"इकडून कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही इकडूनच येता ना."

अर्ध्या चढावर व्हायचं तेच झालं. गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली. मास्तरांचा पाय सवयीने ब्रेकवर गेला, पण दाबला गेला नाही. तिने हँडब्रेक ओढला, घाम पुसला, पुन्हा सुरू केली आणि रडतखडत का होईना वर नेली. मास्तरांचे डोळे भरून आले.

मास्तरांनी धाकटीला निवडलं. थोरल्याला वाईट वाटलं, वाटणारच. मास्तरांनी त्याला जवळ बसवलं. "तुझं चालवणं उत्तम आहे रे. पण तू मला तुझ्या रस्त्याने नेशील. तो चांगलाच असेल. मला माझ्या रस्त्याने जायचंय."

थोरला म्हणाला, "बरं. पण पेट्रोल माझं." आणि सांभाळणाऱ्या माणसाचा पगार त्याने स्वतःकडे घेतला.

वकीलबाईंकडे धाकटीचं नाव लिहून झालं, सह्या झाल्या. बाहेर शिकवणीची गाडी उभी होती. धाकटी स्टिअरिंगवर बसली. मास्तरांनी शेजारचं दार उघडलं, जरा थांबले आणि बायकोला म्हणाले, "तू बस पुढे." स्वतः मागे जाऊन बसले, जन्मात पहिल्यांदा.

बायकोने पायाशी वाकून पाहिलं. "अगंबाई, इथे ब्रेक आहे."

"आहे," मास्तर मागून म्हणाले. "पण दाबायचा नाही. तिला येतं."

टाकीचा चढ आला तेव्हा ते मागच्या सीटवर पाय पसरून गाढ झोपले होते.