खुर्ची हलवायची नाही

आमच्या घरात खुर्ची जागची हलवली की पाठीत धपाटा बसायचा. बाबांची शिस्त म्हणून आम्ही बहिणी ते कौतुकानं सांगत फिरायचो. शिस्त कसली डोंबलाची!

माझी ताई शिवणकाम करते. दिवस कलला की तिला सुईचं नेढं सोडाच, दाराची चौकटही दिसेनाशी व्हायची. "धांदरट कुठली! खाली बघून चाल," बाबा खेकसायचे. दोन वर्षांपूर्वी चष्मेवाल्यानं विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला असं होतं का?" सोबत गेलेले बाबा ताडकन म्हणाले, "छे! कुणाला नाही." त्यानं चष्मा दिला आणि विषय मिटला.

आज मी ताईला मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजार आईवडिलांकडून येतो. डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. उरलेल्या जपायच्या औषधाची चाचणी इथं चालू आहे, पण जपायला त्या उरायला तर हव्यात! दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर चाचणीत घेतलं असतं तुम्हाला."

घरी आल्या आल्या ताईनं खुर्ची उचलली आणि खोलीच्या मधोमध आदळली. बाबा नेहमीच्या ऐटीत आतून आले आणि खुर्चीसकट कोसळले.

"कुणी हलवली?" ते गरजले.

"मी," ताई म्हणाली. "भरदुपारी समोरची खुर्ची तुम्हाला दिसली नाही?"

बाबा गुडघा चोळत राहिले. मग पुटपुटले, "नाही."

"चष्मेवाल्यानं एवढंच विचारलं होतं, बाबा."