उस्मानभाईंच्या मोटारीतले काटे

मोटार सर्व्हिसच्या बुकिंग ऑफिसात नऊ वर्षं काढलेल्या माणसाला गोष्टी शोधत हिंडावं लागत नाही. त्या खिडकीतूनच आत येतात, धुळीबरोबर. धूळ संध्याकाळी झटकता येते. गोष्टी साठत राहतात आणि चार मित्र चहाला जमले की आपोआप बाहेर पडतात. तिकिटं फाडायचो म्हणून सगळे मला 'मास्तर' म्हणत. शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही!

आमची सर्व्हिस नाशिक रोड स्टेशनापासून शहरात आणि शहरातून त्र्यंबकला जाणारी. मालक रावजीशेट. घरचा धंदा फुलं आणि भाजीपाल्याचा, मळे नदीकाठी. दोन जुन्या मोटारींवर त्यांनी एक कोरी करकरीत मोटार घेतली. जुन्या गाड्यांत ड्रायव्हरसमोर नुसती लाकडी फळी असे. वाफ दिसली की पाणी घालायचं आणि आवाज बदलला की तेल, एवढंच शास्त्र. नव्या गाडीच्या फळीवर मात्र चार काचेच्या तबकड्या होत्या. एकीचा काटा पाणी किती तापलं ते सांगे, दुसरीचा तेलाचा दाब, तिसरी बॅटरीची, चौथी पेट्रोलची. खाली वाटाण्याएवढा लाल दिवा. बॅटरी चार्ज होईनाशी झाली की तो लागे.

गाडी आली त्याच महिन्यात एका ड्रायव्हरने जुनी मोटार तेलाशिवाय पळवून इंजिन जाळलं. शेटनी सर्वांना उभं करून सांगितलं, "ज्याला काटे वाचता येत नाहीत, त्यानं नव्या गाडीला हात लावायचा नाही. आणि जुन्यांतली आता एकच उरलीय, तिच्यावर माणूस आहे!"

नवी गाडी अर्थातच उस्मानभाईंना मिळाली. अठरा वर्षांची ड्रायव्हरी, एका कोंबडीचाही अपघात नाही.

*

उस्मानभाईंचं गुपित माझ्या लक्षात आलं नाही. ते आमच्या मंडळींच्या लक्षात आलं. एका सोमवारी आम्ही दोघं त्र्यंबकला गेलो. ती पुढच्या बाकावर, मी मागे. घरी आल्यावर पदर खोचता खोचता म्हणाली, "तुमच्या उस्मानभाईंना जवळचं दिसत नाही."

"काहीतरीच! मैलावरची बैलगाडी ओळखतो तो माणूस. बैल कोणाचे तेसुद्धा सांगतो."

"मैलावरची ओळखत असतील. पानाला चुना बोटानं चाचपून लावतात. आणि मला तीनदा विचारलं, 'वहिनी, तेलाचा काटा कुठं आहे?'"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं. ते आधी हसले.

"मास्तर, रस्ता चोख दिसतो. काटा दिसत नाही. धुकं दिसतं."

"मग चाळिशी घ्या की!"

"चाळिशी लावली की काटा दिसतो, रस्ता जातो. आणि चष्मेवाल्या ड्रायव्हरच्या गाडीत कोण बसेल? शेटला कळलं तर दुसऱ्या दिवशी मी घरी. घरात सात माणसं आहेत."

मी ही गोष्ट घरी सांगितली. ती म्हणाली, "मग तुम्ही कोणाला बोलू नका." मी बोललो नाही. आमच्या संसारात असे हुकूम फार थोडे झाले, त्यामुळे ते पाळणं सोपं होतं.

*

तेव्हापासून पुढच्या बाकावर कोणाला बसवायचं, हा माझ्या दृष्टीने कंपनीचा सर्वात महत्त्वाचा निर्णय झाला. ज्याला डोळे आहेत आणि जो विचारलं तर उत्तर देतो, असा प्रवासी मी हेरून ठेवी.

एकदा एक वकील मिळाले. सातपूरच्या पुढे उस्मानभाईंनी विचारलं, "वकीलसाहेब, पाण्याचा काटा कुठं आलाय?"

"सकृद्दर्शनी मध्यावर."

"आणि तेलाचा?"

"त्याबद्दल मी आत्ता काही विधान करू इच्छित नाही!"

उस्मानभाईंनी गाडी थांबवून बॉनेट उघडलं. तेल व्यवस्थित होतं. वकील म्हणाले, "मी कुठं नाही म्हणालो?"

सर्वांत उत्तम वाचक निघाला सुरगाण्याकडचा एक शेतकरी. त्या दिवशी मीही गाडीत होतो. अक्षर ओळखत नव्हता, घड्याळ पाहिलं नव्हतं. त्याला उस्मानभाईंनी तेलाचा काटा बोटाने दाखवला, म्हणजे अंदाजाने दाखवला, आणि विचारलं, "कसा आहे?"

"उभा हाय."

मैलभराने पुन्हा, "आता?"

"वाईच कललाय."

मग थोड्या वेळाने तो स्वतःच ओरडला, "ओ ड्रायव्हरदादा, निजला! पार निजला!"

गाडी जागच्या जागी थांबली. तेलाची नळी फुटली होती. आणखी मैलभर गेलो असतो तर दुसरं इंजिन जळलं असतं. उस्मानभाईंनी त्या माणसाला स्वतःच्या डब्यातली भाकरी खायला घातली आणि मला म्हणाले, "मास्तर, शिकलेले लोक आकडा सांगतात. हा तब्येत सांगतो!"

*

शेटना कुणीतरी सांगितलं की ड्रायव्हर गप्पा मारतो म्हणून अपघात होतात. त्यांनी पेंटर बोलावून ड्रायव्हरच्या डोक्यावर ठळक पाटी रंगवून घेतली: 'चालकाशी बोलू नये.'

मी काळजीत पडलो. आता काटे वाचायचे कोणी?

दोन दिवसांनी शेट स्वतः स्टँडवर उभे असताना गाडी आली. उस्मानभाई शेजारच्या गृहस्थाला मोठ्याने काहीतरी विचारत होते.

"उस्मान, पाटी वाचलीस ना?"

"वाचली शेट. मोठी आहे, छान दिसते."

"मग?"

"पाटी पॅसेंजरांसाठी आहे. त्यांनी माझ्याशी बोलायचं नाही. मी त्यांच्याशी बोलू नये, असं कुठं लिहिलंय?"

शेट पाटीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, पेंटरला पुन्हा बोलवा." पेंटर काही आला नाही. का, ते मला विचारू नका. त्याला बोलावायचं काम माझ्याकडे होतं.

*

लाल दिव्याची गोष्ट वेगळी. तो दिवा उस्मानभाईंना दिसे, लाल ठिपका म्हणून का होईना. अडचण प्रवाशांची होती.

एक सोवळ्यातल्या आजीबाई त्र्यंबकला निघाल्या होत्या. गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं, म्हणून दिवा लागलेला. आजींनी त्याला हात जोडले. गाडीने वेग घेतला, दिवा गेला.

"अरे, दिवा विझला!"

"विझू द्या आजी. हा विझलेलाच चांगला."

"मेल्या, त्र्यंबकेश्वराच्या वाटेवर विझलेला दिवा चांगला म्हणतोस? थांबव गाडी!"

गाडी थांबवली. मंद झाल्याबरोबर दिवा पुन्हा लागला. आजी समाधानाने बसल्या. गाडी निघाली, दिवा गेला. "थांबव!" असं तीनदा झालं. मागच्या प्रवाशांनी आरडाओरडा सुरू केला. शेवटी सातपूरला आजी उतरल्या आणि एका बैलगाडीत बसल्या. जाताना बजावलं, "पोचलास तर देवळापाशी भेट!"

गाडी वेळेवर पोचली. उस्मानभाई देवळाबाहेर चार तास थांबले. आजी आल्या, त्यांच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "परत जाताना तुझ्याच गाडीत येते. पण दिव्यावर कापड टाक. मला दिसायला नको!"

*

दसऱ्याला शेटनी नव्या गाडीची पूजा स्वतः केली. चारही तबकड्यांच्या काचांवर हळदकुंकवाची बोटं उठवली. घरच्याच मळ्यातला झेंडू, तेव्हा हात आखडता कशाला? मनगटाएवढ्या जाड तीन माळा गाडीच्या तोंडावर बांधल्या. रेडिएटरची जाळी दिसेनाशी झाली. मग शेट पुढच्या बाकावर बसले आणि गाडी नाशिक रोडला निघाली.

निम्म्या वाटेत बॉनेटमधून वाफ येऊ लागली.

"उस्मान, काटा काय म्हणतो?"

"शेट, काट्यावर तुम्ही कुंकू लावलंय. ते पुसायची माझी काय हिंमत?"

उस्मानभाईंच्या नोकरीतला तो सर्वांत निर्धास्त दिवस असावा. त्या दिवशी काटे कोणालाच दिसत नव्हते!

गाडी थांबली. उस्मानभाई म्हणाले, "फुलांनी वारा अडलाय. माळा काढाव्या लागतील."

"सूर्यास्ताच्या आत पूजा मोडायची नाही."

"मग गाडीही सूर्यास्तानंतरच निघेल शेट."

प्रवाशांना स्टेशनवर मेल गाठायची होती. शेटनी पंधरा मिनिटं विचार केला. मग उठले, तिन्ही माळा सोडवल्या आणि एकेक करून स्वतःच्या गळ्यात घातल्या. पूजा मोडली नाही, माळ जमिनीला लागली नाही, रेडिएटरला वाराही लागला. स्टेशनच्या आवारात गाडी शिरली तेव्हा टांगेवाल्यांनी जयजयकार केला. त्यांना वाटलं, शेट म्युनिसिपालटीत निवडून आले!

*

त्याच वर्षाच्या शेवटी आमची मंडळी गेली. चार दिवसांचा ताप. त्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

पंधरा दिवसांनी मी कामावर आलो. त्या दिवशी त्र्यंबकची गाडी भरून निघाली. मागे माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, दोघं पायरीवर. पुढचा बाक मात्र रिकामा. शेट रस्त्यातच ओरडले, "उस्मान! सीट रिकामी का?"

"सीट खराब आहे शेट. आज तिथं कोणाला बसवत नाही."

सीटला काही झालेलं नव्हतं. त्या दिवशी काटे कोणी वाचले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सीट नीट झाली.

*

आणि मग इंजिनिअरसाहेब आले.

शेटना दोन गाड्या आणखी घ्यायच्या होत्या. त्याआधी आहे त्या ड्रायव्हरांची परीक्षा घ्यावी, म्हणून त्यांनी पुण्याहून मोटारींचे एक जाणकार बोलावले. पन्नाशीचे गृहस्थ. कोट कडक, कलप लावलेले केस शाईसारखे काळे, चेहऱ्यावर चष्मा वगैरे काही नाही. शेटनी त्यांना माझ्यासमोरच सांगितलं, "साहेब, काटे नीट वाचून दाखवले तर गाडी त्याच्याकडे. नाही तर आजच खाली उतरवतो."

साहेब यायचे होते अकराला, आले नऊला. सकाळी मिस्त्री मला एक निरोप देऊन गेला होता, तो उस्मानभाईंना सांगायचा होता. साहेबांच्या चहापाण्याच्या गडबडीत तो राहून गेला. मागच्या बाकावर जाऊन बसलो आणि आठवलं. तेव्हा उशीर झाला होता.

तेलाच्या दाबाची तबकडी बिघडली म्हणून मिस्त्रीने ती सकाळीच काढून नेली होती. नळीचं तोंड बंद केलं होतं. आणि भोकातून धूळ जाऊ नये म्हणून त्यावर बूटपॉलिशच्या डबीचं झाकण ठोकून ठेवलं होतं. झाकणावर पांढऱ्या बदकाचं चित्र होतं.

उस्मानभाईंनी इंजिन सुरू केलं. साहेब शेजारी बसले.

"पाण्याचा काटा?"

उस्मानभाईंनी बॉनेटवर तळहात ठेवून मघाशीच अंदाज घेतला होता. "थंड आहे साहेब. खालीच."

"बरोबर. पेट्रोल?"

"अर्ध्याला थोडं कमी." पेट्रोल त्यांनी स्वतः भरलं होतं.

"बरोबर. आता तेल."

मी खोकलो. पुन्हा खोकलो. उस्मानभाईंनी मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकला, फळीकडे रोखून पाहिलं आणि ठामपणे म्हणाले, "चाळीस."

साहेब पुढे वाकले. मग मागे झाले. मग आणखी मागे, पाठ बाकाला टेकेपर्यंत. डोळे बारीक केले. बदक त्यांच्याकडे बघत होतं.

"चाळीस," साहेब म्हणाले. "अगदी बरोबर!"

ऑफिसात येऊन त्यांनी शेटसमोर सर्टिफिकेट लिहिलं: 'चालकाची नजर उत्तम आहे.' मग कागद हातभर लांब धरला, थोडा उजेडाकडे फिरवला, आणि मला हळूच म्हणाले, "मास्तर, सही कुठं करायची, तिथं जरा बोट ठेवा."